दहातून एक गेला

१७ मार्च १९६२. बार्बाडोसमधल्या ब्रिजटाउनच्या मैदानावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्याला लागला आणि कवटीला तडा गेला. शस्त्रक्रियेसाठी रक्त हवं होतं. ते द्यायला वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आला. क्रिकेटवेड्या मराठी घरांतून ही गोष्ट अजून सांगितली जाते. पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी त्या दौऱ्यावर होते आणि आपण पाचच्या पाच कसोट्या हरून परत आलो होतो.

सांगणाऱ्यांच्या तोंडून एक तपशील मात्र निसटतो. त्या दिवशी ‘वेस्ट इंडीज’ हे नुसतं क्रिकेट संघाचं नाव नव्हतं. त्या नावाचं एक संघराज्य अस्तित्वात होतं. त्याला पंतप्रधान होता, संसद होती, निळ्या लाटांवर सोनेरी सूर्य असा झेंडा होता. आणि त्याच्या आयुष्याचे जेमतेम अडीच महिने उरले होते.

लहानपणी आम्हाला वेस्ट इंडीज हा देशच वाटायचा. नकाशात तो सापडेना तेव्हा कुणीतरी मोठ्या माणसाने सांगितलं की असा देश नसतो, ती वेगवेगळी बेटं आहेत, फक्त क्रिकेटपुरती एकत्र येतात. ते उत्तर अर्धंच होतं. ती बेटं चार वर्षं राज्यकारभारासाठीही एकत्र आली होती आणि मोडली होती. हे प्रकरण निवडायचं कारण तेच. एकत्र राहायला लागतं म्हणून आपण जे जे सांगतो ते सगळं इथे होतं: भाषा एक, राज्यकर्ता एक, कायद्याची पद्धत एक, उसाचा मळा आणि गुलामगिरी हा भूतकाळही एक. तरी टिकलं नाही.

बांधणी

कॅरिबियन बेटं एकत्र करायची कल्पना लंडनच्या वसाहत खात्याची जुनी. बारीकसारीक बेटांवर वेगवेगळे गव्हर्नर, सचिव आणि न्यायाधीश पोसण्यापेक्षा एक मोळी बांधली तर खर्च वाचेल, हा सरळ हिशेब. १८७१ मध्ये लीवर्ड बेटांची अशी मोळी बांधलीही गेली. बार्बाडोसला विंडवर्ड बेटांशी जोडायचा प्रयत्न झाला तेव्हा, १८७६ मध्ये, तिथे दंगल उसळली. बार्बाडोसच्या जमीनदारांना आपली दोनशे वर्षांहून जुनी विधानसभा कुणाच्या दावणीला बांधायची नव्हती.

विसाव्या शतकात या कल्पनेने मालक बदलला. १९३० च्या दशकात बेटाबेटांवर मजुरांचे संप आणि दंगे झाले, त्यातून कामगार संघटना उभ्या राहिल्या आणि संघटनांमधून पक्ष. या नव्या पुढाऱ्यांना संघराज्य हवं होतं ते कारकुनी खर्च वाचवण्यासाठी नव्हे. एकेकटी बेटं स्वराज्य मागायला गेली तर लंडन म्हणणार, तुम्ही फार लहान, फार गरीब. सगळी मिळून गेलो तर तो बहाणा चालणार नाही. सप्टेंबर १९४७ मध्ये जमैकातल्या माँटेगो बे इथे परिषद भरली तेव्हा हाच धागा होता: संघराज्य ही स्वातंत्र्याकडे जाणारी शिडी. भारत नुकताच, महिन्यापूर्वी, मोकळा झाला होता. साम्राज्य आवरतं घ्यायला लागलंय हे सगळ्यांना दिसत होतं.

शिडीवर प्रेम कुणी करत नाही, हे मला या प्रकरणाचं मर्म वाटतं. वर जाईपर्यंत ती लागते. वर जायला दुसरा जिना सापडला की ती भिंतीला टेकलेली राहते.

माँटेगो बेलाच जमैकाच्या अलेक्झांडर बुस्टामांटेने टोला हाणला होता की हा कंगालांचा संघ होणार. बुस्टामांटे म्हणजे उंच, केस विस्कटलेला, सभा जिंकणारा कामगार पुढारी. तरी त्याने संघाला उघड नकार दिला नाही. पुढची अकरा वर्षं समित्या, अहवाल, लंडनच्या परिषदा यांत गेली. १९५६ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि ३ जानेवारी १९५८ रोजी संघराज्य सुरू झालं. त्यात दहा घटक होते: जमैका, त्रिनिदाद व टोबॅगो, बार्बाडोस, ग्रेनाडा, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट, डॉमिनिका, अँटिग्वा, सेंट किट्स-नेव्हिस-अँग्विला आणि मॉन्टसेराट.

अकरा वर्षं हा फार मोठा काळ होता. तेवढ्यात जमैकात बॉक्साइट निघालं. १९५२ पासून निर्यात सुरू झाली आणि १९५७ पर्यंत जमैका बॉक्साइटच्या उत्पादनात जगात पहिल्या क्रमांकावर गेला. पर्यटक येऊ लागले. त्रिनिदादकडे तेल होतंच. १९४७ मध्ये दोघांनाही वाटत होतं की आपण एकटे उभे राहू शकणार नाही. १९५८ मध्ये संघ सुरू होताना तसं वाटायचं कारण उरलं नव्हतं, पण गाडी स्टेशनातून सुटली होती आणि उतरायला कुणी धजत नव्हतं.

खासदार किती, पैसे किती

घटना वाचताना पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ते आकडे.

संघाची एकूण लोकसंख्या सुमारे ३१ लाख. त्यात एकट्या जमैकाची १६ लाख, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्रिनिदाद व टोबॅगोची ८ लाखांच्या वर. कनिष्ठ सभागृहात ४५ जागा: जमैकाला १७, त्रिनिदादला १०, बार्बाडोसला ५, सहा लहान घटकांना प्रत्येकी २ आणि मॉन्टसेराटला १. जमैकाचा एक खासदार साधारण ९५ हजार लोकांचा. मॉन्टसेराटचा एक खासदार १२ हजारांचा.

आता दुसरी बाजू. संघाला पहिली पाच वर्षं आयकर लावायची मुभा नव्हती. त्याचा चरितार्थ घटकांनी द्यायच्या वर्गणीवर, आणि ती वर्षाला सुमारे ९१ लाख वेस्ट इंडियन डॉलर. ३१ लाख लोकांत वाटली तर माणशी वर्षाला तीन डॉलरही नाहीत. या वर्गणीतले सुमारे ४३ टक्के जमैकाने भरायचे, ३९ टक्के त्रिनिदादने. म्हणजे निम्मी माणसं, वर्गणीचा सर्वांत मोठा हिस्सा आणि जागा मात्र १७. सोसायटीच्या बैठकीला ज्यांनी कधी हजेरी लावली आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

पण लहान बेटांच्या जागी बसून पाहा. त्यांना जागा लोकसंख्येप्रमाणे दिल्या असत्या तर जमैका एकटा सगळं ठरवता झाला असता. आपल्या बेटाची विधानसभा अर्धीमुर्धी का होईना पण होती. ती सोडून दीड-दोन हजार किलोमीटरवरच्या जमैकाच्या बहुमताखाली कशाला जायचं? दोघांचंही म्हणणं खरं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथल्या वसाहती एकत्र आल्या तेव्हाही हाच पेच होता. तो त्यांनी दोन सभागृहं करून, काही अधिकार केंद्राला आणि पैसा उभा करायचा हक्कही केंद्राला देऊन सोडवला. वेस्ट इंडीजने दोन सभागृहं घेतली आणि पैशाचा हक्क मागे ठेवला.

परिणाम असा की या केंद्र सरकारकडे सामान्य माणसाला दिसेल असं काहीच नव्हतं. रस्ता, शाळा, दवाखाना, पोलीस सगळं बेटाचं. चलनही एक नव्हतं: पूर्वेकडची बेटं वेस्ट इंडियन डॉलर वापरायची, जमैका आपला पौंड. किंग्स्टनच्या भाजीवालीला हे सरकार कुठे भेटणार? भेटलं तर कॅनडाने १९६१ मध्ये भेट दिलेल्या दोन बोटींवर. ‘फेडरल पाम’ आणि ‘फेडरल मेपल’ बेटाबेटांतून माणसं आणि माल नेत असत. संघराज्याची हाताला लागणारी हीच एक ठोस गोष्ट, आणि तीही दुसऱ्याने दिलेली.

या पार्श्वभूमीवर १९५८ च्या अखेरीस पंतप्रधान ग्रँटली अ‍ॅडम्स बोलून गेले की पाच वर्षं संपल्यावर संघ सरकार कर लावील आणि तो मागच्या तारखेपासूनही लावता येईल. अधिकाराच्या दृष्टीने बोलणं चूक होतं की बरोबर हा वाद वेगळा. जमैकात त्यावर गदारोळ झाला. बुस्टामांटेला सभेत सांगायला याहून सोपं काही नको होतं: तिकडचे लोक तुमच्या खिशात हात घालणार आहेत, आणि तोही मागच्या वर्षांच्या खिशात.

ज्यांनी यायला हवं होतं ते आले नाहीत

हे प्रकरण वाचताना मी सर्वांत जास्त थबकतो ते पंतप्रधानपदापाशी. संघाच्या बांधणीत दोन माणसं सर्वांत पुढे होती: जमैकाचे नॉर्मन मॅन्ली आणि त्रिनिदादचे एरिक विल्यम्स. मॅन्ली नामांकित वकील, विल्यम्स इतिहासाचे विद्वान. दोघेही आपापल्या बेटाचे नेते, दोघांचे पक्ष एकाच संघीय आघाडीत. मार्च १९५८ च्या निवडणुकीला दोघेही उभे राहिले नाहीत. बुस्टामांटेही नाही. प्रत्येकाला आपलं बेट सोडून गेलं की मागे प्रतिस्पर्धी घुसेल याची धास्ती होती. मग पंतप्रधानपद बार्बाडोसच्या अ‍ॅडम्सकडे गेलं. माणूस अनुभवी, पण पाठीमागे जेमतेम सव्वादोन लाखांचं बेट.

निवडणुकीचा निकाल त्याहून बोलका. मॅन्ली-विल्यम्स आघाडीला निसटतं बहुमत मिळालं, पण जमैकात १७ पैकी ५ आणि त्रिनिदादमध्ये १० पैकी ४ जागा. दोन्ही मोठ्या बेटांवर सत्ताधारी आघाडी हरली आणि सरकार उभं राहिलं ते लहान बेटांच्या जोरावर. वर्गणी भरणारे मोठे एका बाजूला, सरकार चालवणारे लहान दुसऱ्या बाजूला, आणि हे पहिल्याच दिवसापासून.

त्रिनिदादमधल्या पराभवात आपल्या लोकांचा, म्हणजे तिथल्या भारतीय वंशाच्या मतदारांचा वाटा होता. १८४५ ते १९१७ या काळात करारावर नेलेल्या मजुरांचे हे वंशज, बहुतेकांचं मूळ भोजपुरी मुलखात. त्रिनिदादच्या लोकसंख्येत ते तिसऱ्या हिश्श्याहून जास्त होते. दहा बेटांच्या संघात मात्र, बाकी सगळीकडे आफ्रिकी वंशाचे लोक बहुसंख्य असल्यामुळे, ते मूठभर उरले असते. भदासे सागन महाराज यांच्या पुढारीपणाखाली त्यांची मतं विरोधी पक्षाकडे गेली. विल्यम्सनी पराभवानंतर भर सभेत त्यांना हटवादी, वैरभाव बाळगणारे अल्पसंख्य म्हटलं. ती जखम त्रिनिदादच्या राजकारणात पुढे बराच काळ राहिली.

ब्रिटिश गयाना तर आलाच नाही. तिथे भारतीय वंशाचे लोक सर्वांत मोठा गट होते, मोकळी जमीन मुबलक होती, आणि संघात गेलो की बेटांवरून लोंढा येईल आणि आपलं संख्याबळ बुडेल हे त्यांना कळत होतं. तिथले पुढारी चेद्दी जगन यांचा पक्ष संघाबद्दल शेवटपर्यंत थंड राहिला. ब्रिटिश होंडुरास, आजचं बेलीझ, तेही बाहेरच थांबलं.

इथे क्रिकेटचा संघ आठवतो. रोहन कन्हाय, लान्स गिब्ज, बेसिल बुचर हे तिघेही ब्रिटिश गयानाचे. राज्यात जो प्रदेश आला नाही तो संघात होता. कन्हाय ज्या पोर्ट मूरँटच्या ऊसमळ्यांतून आला, तिथलेच जगन. एकाने वेस्ट इंडीजची टोपी घातली, दुसऱ्याने वेस्ट इंडीजच्या घटनेकडे पाठ फिरवली, आणि दोघांनाही त्यात विसंगती वाटली असेल असं मला वाटत नाही. टोपी घालण्यासाठी गयानाला काही द्यावं लागत नव्हतं. (पुढे सुनील गावसकरने मुलाचं नाव रोहन ठेवलं ते याच कन्हायवरून.)

राजधानीचीही एक कथा आहे. जागा सुचवायला लंडनने नेमलेल्या आयोगाचे प्रमुख होते सर फ्रान्सिस मुडी, फाळणीच्या काळात सिंध आणि मग पश्चिम पंजाबचे गव्हर्नर राहिलेले. त्यांनी पहिली पसंती बार्बाडोसला दिली, त्रिनिदादला तिसरी, आणि त्रिनिदादच्या राजकारणावर ताशेरेही ओढले. पुढाऱ्यांनी निवडलं त्रिनिदाद. त्यातही जी जागा निवडली ती चागुआरामस, आणि तिथे होता अमेरिकन नौदलाचा तळ, युद्धकाळात ९९ वर्षांच्या पट्ट्यावर दिलेला. अमेरिका उठेना. विल्यम्सनी तो राष्ट्रीय प्रश्न केला, एप्रिल १९६० मध्ये भर पावसात मोर्चा काढला. संघराज्याचा सगळा संसार मात्र पोर्ट ऑफ स्पेनमध्ये तात्पुरत्या जागेत चालला आणि तिथेच आटोपला.

दोन भावांची लढाई

१९५९ नंतर दोन मोठी बेटं उलट दिशांना ओढायला लागली. विल्यम्सच्या सरकारने सविस्तर टिपण काढून मांडलं की केंद्र बळकट हवं, कर केंद्राचे हवेत, जकातीची भिंत एक हवी. त्यांचं गणित सरळ होतं. ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंटची माणसं कामासाठी त्रिनिदादलाच येणार. त्यांना थांबवता येणार नसेल तर निदान त्यांच्या बेटांवर खर्च करायला पैसे असलेलं केंद्र असू दे. जमैकाचं गणित त्याच्या बरोबर उलटं. त्याने नवे कारखाने जकातीच्या आडोशाला उभे केले होते, स्वतःचा तेलशुद्धीकरण कारखाना काढायचा होता. त्रिनिदादचं तेल बिनजकातीचं आलं तर त्या कारखान्याचं काय? म्हणून जमैकाला केंद्र जितकं सैल तितकं बरं.

किंग्स्टन ते पोर्ट ऑफ स्पेन हे अंतर सुमारे १,८०० किलोमीटर. मुंबई-कोलकात्याहून जास्त, आणि मध्ये जमीन नाही. जमैकाचा माणूस कामासाठी पनामाला गेला होता, क्युबाला गेला होता, लंडनला आणि न्यूयॉर्कला जात होता. डॉमिनिकाला कशाला जाईल?

जानेवारी १९६० मध्ये मॅन्ली लंडनला गेले आणि वसाहतमंत्री इयान मॅक्लाउड यांच्याशी बोलताना विचारलं: जमैकाने एकट्याने स्वातंत्र्य मागितलं तर? नकार मिळाला नाही. माझ्या मते संघराज्य मोडलं ते या बैठकीत. पुढची दोन वर्षं उत्तरकार्याची. तेरा वर्षं सगळे ज्या गृहीतावर चालले होते, की एकट्याला मिळणार नाही, ते गृहीत एका होकारात संपलं. ब्रिटनला साम्राज्याचा पसारा लवकर आवरायचा होता. कोण किती जणांच्या घोळक्याने बाहेर पडतंय याची फिकीर आता राहिली नव्हती.

गंमत ही की मॅन्लींना बाहेर पडायचं नव्हतं. त्यांनी तो प्रश्न घासाघीस करण्यासाठी हाताशी ठेवला होता. पण ते हत्यार दुसऱ्यानेच उचललं. मे १९६० मध्ये सेंट थॉमस मतदारसंघात संघीय पोटनिवडणूक लागली आणि बुस्टामांटेने जाहीर केलं की आमचा पक्ष उमेदवारच देणार नाही, आम्ही आता संघाबाहेर पडायच्या मताचे. मॅन्लींनी लगेच उत्तर दिलं: लोकांना विचारू, सार्वमत घेऊ.

मॅन्ली आणि बुस्टामांटे नात्याने भाऊ लागत. एक ऑक्सफर्डहून शिकून आलेला, दुसरा सावकारी करून पुढे आलेला. १९३८ च्या संपात बुस्टामांटेला अटक झाली तेव्हा सुटकेसाठी मॅन्लींनीच खटपट केली होती. या दोघांच्या चढाओढीवर जमैकाचं राजकारण वीस वर्षं फिरत होतं, आणि संघराज्याचा निकालही अखेर तिथेच लागला.

सार्वमत बोलावण्याची गरज नव्हती असं मॅन्लींना तेव्हाही अनेकांनी सांगितलं. विधानसभेत त्यांचं बहुमत होतं. पण ते वकील होते, आणि आपली बाजू खरी असेल तर पंचांपुढे ती मांडता येते यावर त्यांचा विश्वास होता. १९६१ च्या मे-जूनमध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये परिषद झाली, तिथे त्यांनी जमैकाच्या बहुतेक मागण्या पदरात पाडून घेतल्या: जागा लोकसंख्येच्या प्रमाणाजवळ, आयकर आणि उद्योग केंद्राच्या हाती सहजी जाणार नाहीत अशी तरतूद. विल्यम्स चिडून परतले. जमैकाला खूश करताना केंद्र इतकं पातळ झालं होतं की त्रिनिदादला त्यात काही उरलं नाही. त्याच परिषदेत स्वातंत्र्याची तारीख ठरली: ३१ मे १९६२.

१९ सप्टेंबर १९६१ ला जमैकाने मतदान केलं. प्रश्न एका ओळीचा: जमैकाने वेस्ट इंडीज संघराज्यात राहावं का? ‘नको’ म्हणणारे २,५६,२६१. ‘हो’ म्हणणारे २,१७,३१९. नकार ५४.१ टक्के. किंग्स्टन शहराकडून होकार आला, खेड्यांनी उलटवलं. ‘हो’च्या बाजूला पत्रकं होती, भविष्याची आकडेमोड होती. ‘नको’च्या बाजूला एकच वाक्य होतं, की तुमच्या घामावर लहान बेटं पोसायची का, आणि ते बैलगाडीवाल्यालाही पाठ होत होतं.

गोव्याच्या वाचकाला हा आकडा ओळखीचा वाटेल. जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीन व्हायच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली. टक्केवारी इथेही पंचावन्नच्याच आसपास. भाषेचा, देवदेवतांचा, नात्यागोत्याचा धागा महाराष्ट्राशी असूनही मोठ्यात विरघळायचं की नाही यावर लहानाने नाही म्हटलं. तुलना इथेच थांबते. गोव्यात लहान घटकाला मोठ्याची भीती होती. जमैकात मोठ्याला लहानांचा बोजा नको होता. कारणं उलटी, मतपेटीतलं उत्तर सारखं.

बाकी शून्य

घटनेच्या हिशेबाने एक घटक गेल्यावर नऊ उरायला हवे होते. विल्यम्सनी वेगळी वजाबाकी केली: दहातून एक गेला की बाकी शून्य. विनोद म्हणून ते वाक्य कॅरिबियनमध्ये आजही फिरतं, पण त्यामागे हिशेब होता. जमैका गेल्यावर वर्गणीतला मोठा भार एकट्या त्रिनिदादवर आला असता आणि संसदेत आठ लहान बेटं त्याच्यासमोर बसली असती. डिसेंबर १९६१ ची निवडणूक जिंकून त्यांनी जानेवारीत जाहीर केलं की त्रिनिदादही एकटंच स्वतंत्र होईल.

एप्रिल १९६२. आपला संघ अजून तिथेच होता. पोर्ट ऑफ स्पेनच्या चौथ्या कसोटीत उम्रीगरने नाबाद १७२ केल्या, सामना गेलाच. १० एप्रिलला जमैकात निवडणूक झाली, मॅन्ली हरले, बुस्टामांटे जिंकला. तीन दिवसांनी, १३ तारखेला, किंग्स्टनच्या सबिना पार्कवर पाचवी कसोटी सुरू झाली. मैदानावर अकरा जण वेस्ट इंडीज म्हणून उतरले, आणि त्याच महिन्यात लंडनची संसद वेस्ट इंडीज विसर्जित करायचा कायदा संमत करत होती.

३१ मे १९६२ ला संघराज्य संपलं. स्वातंत्र्यासाठी राखून ठेवलेली तारीख विसर्जनाला उपयोगी पडली. ६ ऑगस्टला जमैका स्वतंत्र झाला, ३१ ऑगस्टला त्रिनिदाद व टोबॅगो.

उरलेल्या आठांनी पुन्हा जुळवायचा प्रयत्न केला. सेंट लुसियाचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस, ज्यांना पुढे नोबेल मिळालं, बेटाबेटांवर जाऊन मध्यस्थी करत राहिले. ग्रेनाडाने मध्येच त्रिनिदादमध्ये विलीन व्हायचं ठरवलं, ते झालं नाही. पैशावरून आणि अधिकारांवरून तीच भांडणं आठांतही झाली, आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये बार्बाडोस वाट न पाहता निघून गेला. सर्वांत बोलका शेवट सेंट किट्सचा. १९६७ मध्ये त्याच्या जोडीच्या अँग्विलाने सेंट किट्सचे पोलीस बेटावरून हाकलून दिले. आम्हाला सेंट किट्सपेक्षा ब्रिटन परवडेल म्हणाले, आणि आजही ब्रिटिशच आहेत. १९९८ मध्ये नेव्हिसनेही सार्वमत घेतलं. फुटून निघण्याच्या बाजूने ६१.८ टक्के मतं पडली, दोन तृतीयांश लागत होती म्हणून राहिलं. दहा घटकांचे आज नऊ देश आहेत, शिवाय मॉन्टसेराट आणि अँग्विला ब्रिटनकडे.

मोडलेल्या घरातून काय काय वाचलं ते मात्र पाहण्यासारखं आहे. लहान पूर्वेकडची बेटं एकच डॉलर वापरतात, एकच सर्वोच्च न्यायालय चालवतात. एकट्याला परवडत नाही हे त्यांच्या बाबतीत अजून खरं आहे. १९७३ मध्ये कॅरिबियन देशांचा समान बाजार ठरला त्या करारावर सह्या कुठे झाल्या, तर चागुआरामसला. जिथे राजधानी व्हायची होती आणि झाली नाही, तिथे कराराचं नाव तेवढं लागलं. आणि पोर्ट ऑफ स्पेनमध्ये २००५ पासून कॅरिबियन न्यायालय बसतं, पण खुद्द त्रिनिदादची आणि जमैकाची शेवटची अपिलं तिथे जात नाहीत. ती जातात लंडनला, प्रिव्ही कौन्सिलकडे.

१९४८ मध्ये जमैकातल्या मोना इथे सुरू झालेलं विद्यापीठही वाचलं. त्याचा खर्च सगळी सरकारं उचलतात, कारण प्रत्येकी एक वैद्यकीय महाविद्यालय काढणं कुणाच्या बापाला परवडणारं नव्हतं. फ्रँक वॉरेल याच विद्यापीठात वसतिगृहाचा प्रमुख होता. जन्म बार्बाडोसचा, घर जमैकात केलेलं. जमैका स्वतंत्र होताना तिथल्या सिनेटवर त्याची नेमणूक झाली. मार्च १९६७ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने तो किंग्स्टनला गेला, तेव्हा वय ४२. त्याला पुरलं ते बार्बाडोसमध्ये, त्याच विद्यापीठाच्या केव्ह हिलच्या आवारात. शेजारीच एक क्रिकेटचं मैदान आहे.